बाळंतपणानंतर लगेच तांबी, इंजेक्शन की ऑपरेशन? वॉर्डात रोज विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात मी नर्स आहे, बरीच वर्षं झाली. पुढचं लेकरू लांबवायचं किंवा थांबवायचं कसं, हे प्रश्न मला मोठ्या आवाजात कोणी विचारत नाही. सासू थर्मासात चहा भरून आणायला खाली गेली की बाळंतीण हळूच हात धरते, "सिस्टर, एक विचारू का?" तेच प्रश्न इथं लिहून काढलेत, जसे आले तसे, आमच्या वऱ्हाडीतच. उत्तरं थोडी लांबलीत, चालवून घ्या.

"बाई, आताच तं मोकळी झाली, आताच काऊन विचारता?"

बरोबर आहे, अंग दुखतंय, टाके ओढतायत, लेकरू रडतंय आणि वरून ही सिस्टर पुढचं विचारते, राग येणारच. पण एकदा दवाखान्यातून सुट्टी झाली की तुम्ही माहेरी जाता, सव्वा महिना होतो, मग पोराचं लसीकरण असतं तेव्हा दवाखान्यात याल असं म्हणता, तोवर निंदण येतं नाहीतर कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून तुम्हालाच वावरात जावं लागतं. स्वतःसाठी म्हणून दवाखान्यात येणारी बाई मी फार कमी पाहिली.

दुसरं म्हणजे शरीर वाट पाहत नाही. बाळ अंगावर पीत नसेल तर चौथ्या आठवड्यानंतरच बीज सुटायला सुरुवात होऊ शकते, आणि बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. म्हणजे "पाळी आली की बघू" म्हणणारी बाई पाळी न येताच पुन्हा पोटुशी राहू शकते. मागं एक जण आली होती, सहा महिन्यांचं लेकरू कडेवर, म्हणे पोटात गॅस धरतो, ओवा खाल्ला, सोडा पिली, फरक नाही. पोटाला हात लावला तर चार महिने भरलेले. मध्ये एकदाही पाळी आली नव्हती, त्यामुळे तिला शंकाच नाही. ती तिथंच खाली बसली, आणि कडेवरचं पोरगं माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होतं.

म्हणून खरं तर हे बोलणं सातव्या महिन्यातच व्हायला पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते ना, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची, तेव्हाच विचारा, नवऱ्यालाही सोबत आणा, ठरलं की माता बाल कार्डावर लिहून घ्या. कळा सुरू झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला कोणी धड उत्तर देत नाही, आणि दिलं तरी ते मी धरत नाही.

दोन लेकरांत किती अंतर पाहिजे?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायच्या आधी निदान २४ महिने जाऊ द्या. म्हणजे दोन लेकरांत पावणेतीन-तीन वर्षं पडतात. त्याआधी राहिलं तर आईचं रक्त भरून आलेलं नसतं, पुढचं लेकरू कमी वजनाचं किंवा दिवसांआधी होण्याची भीती वाढते. आमच्याकडं आधीच हिमोग्लोबिन ८-९ वर असलेल्या बाया भरपूर, त्यांना तर हे अंतर जास्तच लागतं.

"अंगावर पाजते तोवर दिवस राह्यत नाही म्हणते माझी सासू, खरं हाय का?"

अर्धं खरं आहे. तीन गोष्टी एकत्र असतील तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे, पाळी आलेली नसली पाहिजे, आणि बाळाला फक्त आईचं दूध, रात्रीसुद्धा, वरून काही म्हणजे काहीच नाही. तिन्ही असेल तर १०० पैकी ९८ जणींचं निभतं. यातली एक गोष्ट सुटली की भरवसा संपला.

आणि ती तिसरी गोष्टच आपल्याकडं सुटते. घुटी चाटवतात, मध लावतात, एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला गेला की "लेकराचा घसा सुकला" म्हणून चमचाभर पाणी पाजतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, दुधातच असतं, पण हे सासूला पटवून देणं सुनेच्या हातात कुठं असतं. तर तुमच्या घरी घुटी चालू असेल तर या उपायाच्या भरवशावर राहू नका, एवढंच सांगते.

दवाखान्यात काय काय मिळतं, आणि पैसे किती?

सरकारी दवाखान्यात फुकट. तांबी (म्हणजे कॉपर-टी), अंतराचं इंजेक्शन, छायाच्या गोळ्या, निरोध, बाईचं ऑपरेशन, माणसाचं ऑपरेशन. गोळ्या-निरोध उपकेंद्रात आणि आशाताईकडंही मिळतात, ऑपरेशनला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर जिल्ह्याला. नागपूरचं डागा, अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग ही नावं तर सगळ्यांना माहीतच आहेत. जुनी माणसं मोठ्या दवाखान्यातल्या या खोलीला अजून "पीपी सेंटर" म्हणतात, ते पोस्टपार्टम वरून आलंय, १९६९ मध्ये देशभरच्या मोठ्या दवाखान्यांत बाळंतिणींसाठी हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हाचं नाव. म्हणजे नवीन काहीच नाही यात, तुमच्या आजेसासूलाही विचारलं असेल कोणीतरी.

तांबी नेमकी केव्हा बसवतात?

नॉर्मल डिलिव्हरी झाली, वार पडली, की त्यानंतर १० मिनिटांच्या आत बसवली तर सगळ्यात चांगलं. ते हुकलं तर ४८ तासांच्या आत. सिझर असेल तर गर्भाची पिशवी शिवायच्या आधी, त्याच वेळी. हे ४८ तास गेले की मग सहा आठवडे थांबावं लागतं, मधल्या काळात बसवत नाहीत, पडायची आणि पिशवीला इजा व्हायची भीती असते.

आता लक्षात येईल की सातव्या महिन्यात ठरवा असं का म्हणते. १० मिनिटांत कोण कोणाला काय समजावणार?

दुखतं का विचाराल तर, नुकतीच डिलिव्हरी झालेली असते, पिशवीचं तोंड उघडंच असतं, त्यामुळे वेगळं असं फारसं कळत नाही. नंतर बसवताना थोडी कळ येते. ट्रेनिंग झालेली सिस्टर किंवा डॉक्टरच बसवतात.

तांबी दोन प्रकारची येते, एक १० वर्षांची (३८० ए) आणि एक ५ वर्षांची (३७५). कोणती बसवली आणि कोणत्या तारखेला, ते कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड पोत्याखाली टाकू नका.

"तांबी वर चढते म्हणते, काळजात जाते म्हणते?"

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक तांबी ठेवूनच दिलीय, सॅम्पलची. विचारलं की हातावर ठेवते. इंग्रजी टी सारखी, पांढऱ्या प्लास्टिकची, दांडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, सव्वा-दीड इंचाची, खाली दोन मऊ दोरे. बाया बोटानं वाकवून बघतात, आणि मग एकच वाक्य असतं, "एवढुशीच?" त्या एवढुशीनं माझं निम्मं काम केलंय.

पिशवी वरून बंद असते, भाकरीच्या पिठाच्या पिशवीसारखी, तिच्यातून छातीकडं जायला वाट नाही. फार क्वचित पिशवीच्या भिंतीत रुतते, ते सोनोग्राफीत किंवा एक्सरेत कळतं. नवऱ्याला टोचत नाही, दोरा फार लांब लागत असेल तर कापून घेता येतो. दूध आटत नाही, तांबीत औषधच नसतं, नुसतं तांबं.

त्रास कोणता होतो तोही सांगते, नाहीतर म्हणाल सिस्टर आपलीच बाजू लावते. पहिले तीन-चार महिने पाळीला जास्त जातं आणि पोटात जास्त दुखतं. बहुतेकींचं नंतर बसतं, काहींचं बसत नाही. बसलं नाही आणि रक्त कमी होत असेल तर काढून टाकायची, त्यात हट्ट कशाचा.

पडली तर कसं समजेल?

डिलिव्हरीनंतर लगेच बसवलेली तांबी, नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त वेळा पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. पिशवी लहान होताना बाहेर ढकलते, बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत. कधी पडताना दिसते, कधी लघवीच्या वेळी निघून जाते आणि पत्ताच लागत नाही. म्हणून सहा आठवड्यांनी तपासायला यायचं म्हणजे यायचं. सुरुवातीला दोरा आतच असतो, हळूहळू खाली येतो, तेव्हा पहिल्या महिन्यात दोरा लागला नाही म्हणून घाबरू नका.

मध्येच यायचं केव्हा: ताप, घाण वासाचं अंगावरून जाणं, पोटात सारखी कळ, दोन तासांत पॅड भिजेल असं रक्त, किंवा पाळी चुकली तर.

तांबी कोणाला बसवत नाही?

पाणी जाऊन १८ तासांच्या वर झाले असतील, डिलिव्हरीत ताप असेल, जंतुसंसर्ग असेल, किंवा वार पडल्यावर रक्तस्राव थांबत नसेल तर त्या वेळी नाही. पिशवीचा आकारच वेडावाकडा असेल तरी नाही. अशा वेळी चिडू नका, "आधी हो म्हणाले आणि आता नाही म्हणतात" असं होतं, पण ते त्या रात्रीच्या तब्येतीवर असतं.

"मले न विचारताच बसवून दिली असं असू शकते का?"

नसायला पाहिजे. पण मी ऐकलंय, आणि एकदा पाहिलंयसुद्धा. एक बाई पाठीत दुखतं म्हणून आली, दीड वर्षाचं लेकरू, दुसऱ्यासाठी वर्षभर प्रयत्न चालू, घरात वांझोटी झाली का म्हणून बोलणी. तपासलं तर दोरा. दुसरीकडं डिलिव्हरी झाली होती, कुठं ते मी लिहित नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा कळांमध्ये "बसवू का" म्हणून विचारलं असेल आणि तिनं "अं" केलं असेल. कार्डावर एक ओळ होती, पण तिला वाचता येत नव्हतं आणि कोणी वाचून दाखवलं नव्हतं. तांबी पाच मिनिटांत निघाली. वर्षभराची बोलणी काही निघाली नाहीत.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, सुट्टीच्या दिवशी प्रत्येक बाळंतिणीला मी तोंडानं सांगते, बसवलीय किंवा बसवली नाही, आणि तिच्याकडून परत म्हणवून घेते. तुम्हीही सुट्टी घेताना विचारा, "माझ्या पिशवीत काही बसवलंय का?" असं सरळ विचारायचं, यात लाजायचं काही नाही. नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे, आणि नाही म्हटलं म्हणून डिलिव्हरीच्या सेवेत, औषधात, जेवणात काही कमी होत नाही. कोणी तसं धमकावलं तर वैद्यकीय अधीक्षकांकडं लेखी द्या.

नवऱ्याची सही लागते का?

नाही. तांबीला नाही, इंजेक्शनला नाही, ऑपरेशनलासुद्धा नाही, तुमची स्वतःची सही किंवा अंगठा पुरतो. तरी कित्येक ठिकाणी "मालकाले घेऊन ये" म्हणतात, नंतर भांडण नको म्हणून. घरात बोलून केलेलं बरं हे मलाही पटतं, पण नियम विचाराल तर नियम हा आहे.

ऑपरेशन लगेच करावं की हिवाळ्यात?

उन्हाळ्यात टाके पिकतात, पावसाळ्यात जखम चिघळते, म्हणून दिवाळीनंतर करू, असं आपल्याकडं पक्कं बसलंय. दवाखान्यात स्वच्छ केलेली जखम वैशाखातही भरते, सिझरचे टाके काय ऋतू बघून घालतात का?

डिलिव्हरीनंतर ७ दिवसांच्या आत होतं, तेव्हा पिशवी वर बेंबीजवळ असते, म्हणून बेंबीच्या खाली लहानशी चीर देऊन नळ्या बांधतात. सिझर असेल तर त्याच वेळी, वेगळी चीर नाही. ७ दिवस गेले की सहा आठवडे थांबायचं. दुर्बिणीचं ऑपरेशन बाळंतपणानंतर लगेच होत नाही, त्यालाही सहा आठवडे लागतात, तेव्हा "मले दुर्बिणीचंच पायजे" म्हणाल तर मधल्या काळाची सोय करा.

अटी अशा: लग्न झालेलं, वय २२ च्या वर आणि ४९ च्या आत, निदान एक लेकरू वर्षाच्या वरचं.

माझं मत विचाराल तर, दोन दिवसांचं बाळ बघून घाईनं ऑपरेशन करू नका. मनात थोडीही खळखळ असेल तर तांबी बसवा. ऑपरेशन कायमचं धरूनच करायचं, नळ्या परत जोडता येतात म्हणतात पण त्याचा भरवसा नाही आणि खर्च वेगळा. दोन्ही पोरीच आहेत म्हणून नको आणि एक पोरगं झालं म्हणून लगेच करा, हा हिशेब तर मी रोजच ऐकते, त्यावर काय लिहू.

ऑपरेशनचे पैसे मिळतात का?

मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ६००, बाकीच्यांना २५०. माणसाच्या ऑपरेशनला १४५१. खात्यात येतात, म्हणून पासबुक आणि आधारची झेरॉक्स आणा, आणि खातं चालू आहे का ते आधी बघा, अर्ध्या बायांचं तिथंच अडतं.

१ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या पोरीसाठी लेक लाडकी योजना आहे, पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना, पोरगी १८ ची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार. तिच्या पुढच्या हप्त्यांना कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचा दाखला लागतो, तो आईचा किंवा बापाचा, कोणाचाही चालतो. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, उंदीर फार.

अंतरा, छाया, माला-एन, यात फरक काय?

अंतरा म्हणजे दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. पाजत असाल तर सहा आठवड्यांनंतर पहिलं. घेतल्यावर ती जागा चोळायची नाही आणि शेकायची नाही, हे मुद्दाम सांगते कारण बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असतेच आणि इंजेक्शन दुखलं की पहिला हात तिकडंच जातो. शेकलं की औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही. पाळी वेडीवाकडी येते, कधी थेंब थेंब, कधी बंदच होते. बंद झाली म्हणून रक्त आत साचत नाही, ती भीती काढून टाका. बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून ज्यांना लवकरच दुसरं पाहिजे त्यांना मी हे सुचवत नाही.

छाया ही गोळी, हार्मोनची नाही, लखनौच्या संस्थेत शोधलेली. पाजणाऱ्या बाईला डिलिव्हरीनंतर लगेचही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवार आणि बुधवार, मग आठवड्यातून एकदा. विसरायचं कारण हेच, रोजची सवय लागत नाही. आमच्या एक आशाताई सांगतात, तुमच्या बाजाराच्या दिवसाशी जोडा, बाजार कोणी विसरत नाही. बाजार बुधवारचा असेल तर बुधवार पक्का, दुसरा दिवस त्याच्या हिशेबानं.

माला-एन ही रोजची गोळी, पण पाजणाऱ्या बाईनं बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घ्यायची नाही, दूध कमी होतं. जावेच्या डब्यातली गोळी उचलून खाऊ नका.

घरात सिकलसेल आहे, मग काय?

सिकलसेल म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात सापडत नाही, आपल्या विदर्भात मात्र विचारावाच लागतो. सिकलसेलवाल्या बाईला अंतरा चांगलं चालतं. तांबी चालते, पण पाळीला जास्त गेलं तर रक्त आणखी उतरतं, म्हणून लक्ष ठेवायचं. तुमचं लाल किंवा पिवळं सिकलसेल कार्ड असेल तर ते आधी पुढं करा, मग पुढचं बोलू.

"मालकाचं ऑपरेशन केलं तं तो नांगर धरू शकीन का?"

शकेल. बिनटाक्याचं असतं, दहा-पंधरा मिनिटं, त्याच दिवशी घरी, दोन दिवस आराम आणि आठवडाभर जड उचलायचं नाही. ताकद जात नाही, मर्दानगी जात नाही, फक्त बीज बाहेर येत नाही. एक गोष्ट पाळायची, तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, तोवर दिवस राहू शकतात. ही तपासणी कोणी करत नाही आणि मग बायकोवर संशय घेतात.

बाईच्या ऑपरेशनपेक्षा हे सोपं आणि धोका कमी. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या जोडप्यांत बायांचं ऑपरेशन ३७.९ टक्के आणि माणसांचं ०.३ टक्के. माझ्या वॉर्डात नऊ महिने पोट वाहिलेल्या, टाके पडलेल्या बाईलाच विचारतात, "आता तूच करून घे", आणि तो बाहेर पिंपळाखाली खर्रा घोटत बसलेला असतो.

ऑपरेशन झालं तरी दिवस राहतात का?

हजारात पाच-एक जणींना राहतात. म्हणून पाळी चुकली की "माझं तं ऑपरेशन झालं" म्हणून बसू नका, दोन आठवड्यांत या, कारण गर्भ नळीत अडकला तर जिवाला धोका असतो. सरकारची नुकसानभरपाईची योजना आहे, तिच्यासाठी ऑपरेशनचा दाखला लागतो आणि उशीर झाला की अर्ज अडतो.

गर्भ पडला, मग लगेच प्रयत्न करू का?

सहा महिने थांबा. तेवढ्यासाठी गोळ्या किंवा निरोध चालतात, तब्येत बरी असेल तर तांबीही बसते.

घरी गेल्यावर विचारायचं कोणाला?

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतिणीकडं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, ती बाळाचं वजन घ्यायला येते असं वाटतं, पण तुम्हालाही विचारायचंय. घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या कामातून पुढं आली, हे कित्येक आशाताईंनाही माहीत नसतं. माहेरी गेला असाल तर तिथल्या आशाला सांगा, नाव नसलं तरी ती येते.

तांबी काढायची असेल तर?

जिथं सिस्टर ट्रेन असेल अशा कोणत्याही सरकारी दवाखान्यात, बसवली तिथंच जायला पाहिजे असं नाही. कारण सांगायला लागत नाही, "काढायची आहे" एवढं पुरतं. एक मोठा श्वास, थोडा खोकला, आणि दोरा ओढला की निघाली. "अजून वर्षभर ठेव" म्हणून कोणी परत पाठवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या आणि तेच म्हणा. पुढचं लेकरू नको असेल तर त्याच खाटेवर नवीन बसवून घेता येते.